मार्दोळहून निघालेलं गाणं: स्वतःचं गाणं स्वतःच्या नावावर करताना

साखळी, पेडणे, काणकोण, गोव्यात कुठूनही मेसेज आला तरी प्रश्न साधारण एकच असतो: ‘गाणं लिहून, चाल लावून तयार आहे. आता पुढे काय करू?’ प्रत्येकाला तुटक उत्तरं देण्यापेक्षा माझं जे जसं झालं ते क्रमाने लिहून ठेवते. खर्चाचे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे असतील. सरकारी शुल्कं मी भरली तेव्हाची आहेत. अर्जाआधी एकदा पाहून घ्या.

मी फोंडा तालुक्यातल्या मार्दोळची. आई महिला भजनी मंडळात, बाबा कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवर ड्रायव्हर. गुरुवारी मंडळाची तालीम आमच्याच ओसरीवर व्हायची, त्यामुळे मी अक्षरं गिरवण्याआधी पेटीच्या पट्ट्या ओळखायला लागले. आमच्याकडे गाणं कुणाचं, हा प्रश्न कधी येतच नाही. अभंग तुकोबांचा, चाल कुण्या जुन्या बुवांची, मधली एखादी जागा मंडळातल्या काकूंनी घातलेली. पुढच्या वर्षी तीच चाल शेजारच्या गावच्या मंडळाने उचललेली असते आणि त्याचा आनंदच होतो. या रिवाजावर माझं आजही प्रेम आहे. पण स्वतःचं गाणं घेऊन बाहेर पडलात की पहिला प्रश्न हाच येतो. शब्द कुणाचे? चाल कुणाची? ध्वनिमुद्रणाचे पैसे कुणी घातले? या तिन्हींची उत्तरं लेखी तयार असतील तर पुढची निम्मी धास्ती संपते. हे सगळं लिहिण्याचं खरं कारण एवढंच आहे.

आठव्या वर्षी मला फोंड्याला गाण्याच्या क्लासला घातलं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एकेक करत गेले: प्रारंभिक, प्रवेशिका, मग मध्यमा. मध्यमा पूर्ण झाली ती दहावीच्या वर्षी. फोंडा तालुक्यात गाणं शिकणाऱ्या मुलीकडून अपेक्षा ठरलेल्या असतात. मास्टर दीनानाथ आणि जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, केसरबाई केरीच्या. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. अशा परिसरात ‘मला स्वतःची साधी, तीन मिनिटांची मराठी गाणी करायची आहेत’ असं म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं थोडी गप्प होतात. माझ्या बाईंना मात्र मी पहिलं गाणं ऐकवलं तेव्हा त्यांनी ते शांतपणे पूर्ण ऐकलं आणि अंतऱ्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं: “इथे श्वास कुठे घेणार आहेस?” मी ती ओळ बदलली. शब्द आणि चाल एकाच माणसाच्या हातात असली की हे करता येतं, हे तेव्हा प्रथम कळलं.

अकरावीला पणजीला जायला लागले आणि गिटार भेटली. वर्गातली एक मैत्रीण चर्चच्या कॉयरमध्ये गायची. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून सोल्फा (डो-रे-मीची सरगम) आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत आले; तिच्या घरात तीन पिढ्या कागदावरून गाणं वाचत होत्या. तिने मला कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) शिकवले, मी तिला सरगम. मी यमन गायले की ती म्हणायची हा तर लिडियन मोड, म्हणजे त्यांच्याकडची तशीच स्वरांची रचना, आणि तीव्र मध्यमाखाली कोणता कॉर्ड बरा लागतो ते आम्ही तासन्‌तास शोधत बसायचो. माझ्या चालींना आज जो एक वेगळा रंग आहे असं लोक म्हणतात, तो त्या दुपारींचा आहे.

जे गाणं पुढे चाललं ते ऑगस्ट २०१९ मध्ये बसमध्ये सुचलं. बाणास्तारीच्या पुलाजवळ गाड्या अडकल्या होत्या. मुखडा मी मोबाइलवर गुणगुणून ठेवला आणि घरी येऊन स्वतःलाच ईमेल केला. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. कच्चं असलं, गळा बसलेला असला तरी तारखेसकट ठेवा. पुढे कधी वाद झालाच तर गाणं तुमच्याकडे कधीपासून आहे हे दाखवायला ही फाइल कामी येते.

मग करोना आला, कॉलेज घरी आलं, आणि गाण्यांची वही भरत गेली. ध्वनिमुद्रणाचा विचार २०२२ च्या अखेरीस सुरू केला. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून एक कंडेन्सर माइक आणि ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडायचं यंत्र) सेकंडहँड घेतला, दोन्ही मिळून ९,००० रुपये. गोव्यात घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: जून ते सप्टेंबर आपला नाही. मंगळुरी कौलांवर पाऊस पडायला लागला की कुठलाही माइक हतबल होतो, आणि दमटपणाने माइकच्या आतलं पातळ पटल खराब होऊ शकतं. मी माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. जेलचे मणी रंग बदलतात त्या पुड्या घ्या, म्हणजे कधी बदलायच्या ते कळतं. लाइट जाण्याचा भरवसा नसल्यामुळे प्रत्येक टेकनंतर फाइल सेव्ह करायची.

घरी केलेलं मी कच्चं काम मानलं. अंतिम आवाज जानेवारी २०२३ मध्ये स्टुडिओत घेतला, तासाला ८०० रुपये दराने. मिक्सिंग-मास्टरिंगचे ६,००० वेगळे. गिटार त्या मैत्रिणीची, कीबोर्ड एका ओळखीच्या मुलाचा. दोघांनाही मानधन दिलं आणि त्याच दिवशी, स्टुडिओतच, एका कागदावर लिहून घेतलं: शब्द माझे, चाल माझी, संगीत संयोजन माझं आणि मैत्रिणीचं, ध्वनिमुद्रणाचा खर्च माझा, वादकांना अमुक रक्कम मिळाली. खाली सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. मैत्रीला बाधा येईल असं वाटून अनेकजण हा कागद टाळतात. माझा अनुभव उलटा आहे. पैसे यायच्या आधी वाटा ठरवायला पाच मिनिटं लागतात आणि सगळे हसत सही करतात.

आता कॉपीराइट. आधी स्पष्ट करते की भारतात कॉपीराइट मिळवण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. गाणं लिहिलंत, मुद्रित केलंत, की हक्क तुमचाच. नोंदणी हा पुरावा आहे. मला तो हवा होता. कायद्याच्या नजरेत एक गाणं म्हणजे तीन वेगळ्या वस्तू असतात: शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती (तिच्यात शब्द धरत नाहीत), आणि ध्वनिमुद्रण तिसरं. म्हणून अर्जही तीन. मार्च २०२३ मध्ये कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म १४ भरला. शब्दांसाठी ५०० रुपये, चालीसाठी ५००, ध्वनिमुद्रणासाठी २,०००. चालीच्या अर्जासोबत मी स्वरलिपी जोडली. भातखंडे पद्धतीने लिहायला क्लासमध्ये शिकलेलं इथे असं उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

पैसे भरले की डायरी नंबर मिळतो. तो जपून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्यावर होते. त्यानंतर ३० दिवस कुणाला हरकत घ्यायची असेल तर ती घेता यावी म्हणून अर्ज तसाच थांबतो. ते दिवस मला फार लांब वाटले. रोज सकाळी उठून स्थिती पाहायची आणि ती कालचीच असायची. मग तपासणी, आणि ध्वनिमुद्रणाच्या अर्जावर एक त्रुटीपत्र आलं: वादकांची ना-हरकत हवी. स्टुडिओतला कागद होताच, त्यावरून रीतसर ना-हरकत पत्रं करून दिलेल्या मुदतीत पाठवली. तिन्ही नोंदणीपत्रं हातात येईपर्यंत डिसेंबर उजाडला. अर्ज केला म्हणून गाणं प्रसिद्ध करायला थांबावं लागत नाही, मी थांबले नाही.

मधल्या काळात, मे महिन्यात, एका म्युझिक कंपनीचा फोन आला. त्यांनी गाण्याचा एक तुकडा इन्स्टाग्रामवर ऐकला होता. करारपत्र पाठवलं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, कायमचे, जगभर. मोबदला एकरकमी २५,०००. आमच्या घरात २५,००० हा लहान आकडा नव्हे. आईबाबांनी निर्णय माझ्यावर सोडला आणि मी आठवडाभर नीट झोपले नाही. शेवटी फोंड्यातल्या एका वकीलबाईंकडे गेले. १,५०० रुपये फी घेऊन त्यांनी तासभर समोर बसवून समजावलं. हक्क देण्याचा करार लेखीच लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क त्यांनी वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर तो परत आपल्याकडे येतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर, ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या आणि चालीच्या रॉयल्टीतला लेखक-संगीतकाराचा समान वाटा करार करूनही सोडून देता येत नाही; तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. मी कंपनीला लिहिलं की ध्वनिमुद्रण पाच वर्षांसाठी देईन, बाकी माझ्याकडे राहील. उत्तर आलं नाही. वाईट वाटलं, पण त्या १,५०० रुपयांइतका चांगला खर्च या सगळ्या प्रवासात दुसरा झाला नाही.

म्हणून वितरणाचं मीच पाहिलं. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक वगैरेंवर आपण थेट गाणं चढवू शकत नाही, मध्ये वितरक लागतो. वार्षिक वर्गणी घेणारे आहेत, कमाईतला हिस्सा घेणारे आहेत. एखाददुसरं गाणं असेल तर हिस्सावाला परवडतो, वर्षाला चार-सहा काढणार असाल तर वर्गणीवाला. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो. बहुतेक वितरक तो देतात. वहीत लिहून ठेवा, कारण वितरक बदलला तरी तोच क्रमांक न्यायचा असतो. मुखपृष्ठ चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. नावाचं स्पेलिंग एकदा ठरवा आणि आधार, पॅन, बँक, वितरक सगळीकडे जुळतंय का पाहा. माझ्याच नावाची आणखी एक गायिका निघाली, त्यामुळे स्वतंत्र कलाकार प्रोफाइल मागून घ्यावं लागलं. हे गाणं चढवण्याआधीच करा.

व्हिडिओसाठी पहिला विचार समुद्रकिनाऱ्याचा होता. गोव्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा ही मुख्य संस्था आहे. अर्ज, शुल्क, जागेचा तपशील सगळं तिथून. आणि फोंड्याची सफा मशीद किंवा जुन्या गोव्यातल्या चर्चसारखी वास्तू असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची परवानगी वेगळी. आमच्या हातात पैसे आणि वेळ दोन्ही मोजके होते. शेवटी मैत्रिणीच्या ओळखीने सावईवेऱ्याला एक कुळागर, म्हणजे पोफळीची बाग मिळाली. भाटकारांनी (जमीनमालकांनी) ‘या आणि करा’ म्हटलं, तरी मी त्यांच्याकडून दोन ओळींचं संमतिपत्र सहीसह घेतलं. पोफळींमधून येणारा सकाळचा उजेड कुठल्याही लाइटपेक्षा सुंदर होता. दोन मोबाइल, एक भाड्याचा कॅमेरा, सगळ्यांचं जेवण धरून खर्च ११,००० रुपये.

गाणं २० ऑक्टोबर २०२३ ला आलं. शुक्रवार होता, नवी गाणी साधारण शुक्रवारी काढतात. वितरकाकडे ते चार आठवडे आधी दिलं होतं, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं आणि त्याआधी ते त्यांच्या यंत्रणेत पोचलेलं असावं लागतं. कुठल्याही मोठ्या यादीत माझं गाणं लागलं नाही. नवरात्र चालू होती. घरचे सगळे रात्री म्हाळशीच्या देवळात मखराच्या सोहळ्याला गेले आणि मी ओसरीवर बसून आकडा पाहत राहिले. तो जवळजवळ हलत नव्हता. पुढचे काही आठवडे असेच गेले. त्या दिवसांत कसं वाटतं ते मी गोड करून सांगणार नाही. चार वर्षं सांभाळलेली गोष्ट लोकांपुढे ठेवली आणि कुणी मान वर करून पाहिलं नाही, असं वाटतं. आईने तालमीला मला पुन्हा शेजारी बसवून घेतलं, तेवढा आधार पुरला.

गाणं चाललं ते शाळांमुळे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे स्नेहसंमेलनं असतात. एका शिक्षिकेने पाचवीच्या मुलींचा नाच त्यावर बसवला, कुणीतरी त्याचं चित्रीकरण टाकलं, मग दुसऱ्या शाळेने, मग सावंतवाडीकडच्या, मग कोल्हापूरच्या. फेब्रुवारी २०२४ पर्यंत यूट्यूबवर आकडा लाखांत गेला. मी यासाठी काहीही केलेलं नव्हतं. त्या शिक्षिकेचा मी पत्ता काढला आणि जाऊन भेटले. त्यांना गाण्याचा ताल मुलींच्या पावलांना सोपा वाटला होता, एवढंच कारण.

आणि नेमकं त्याच महिन्यात माझ्याच व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला. कुण्या अनोळखी कंपनीने माझं ध्वनिमुद्रण स्वतःच्या नावावर नोंदवून टाकलं होतं आणि जाहिरातींचं उत्पन्न त्यांनी मागितलं होतं. छाती धडधडत होती, पण कागद तयार होते. हरकत नोंदवताना नोंदणीपत्रांचे क्रमांक, आयएसआरसी आणि २०१९ चा तो ईमेल यांचा उल्लेख केला. दावा करणाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, मुदत संपली आणि दावा सुटला. हरकत घ्यायला घाबरू नका, मात्र ज्या गाण्यात दुसऱ्याचा विकत न घेतलेला बीट (तयार संगीताचा तुकडा) वापरला असेल तिथे ती घेऊ नका.

याच सुमारास आयपीआरएसचं सभासदत्व घेतलं. गीतकार-संगीतकारांची ही कॉपीराइट सोसायटी १९६९ पासून आहे. रेडिओ, कार्यक्रम, हॉटेलं, ॲप यांच्याकडून शब्द आणि चालीची रॉयल्टी ती गोळा करते. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक, प्रसिद्ध गाण्याचा तपशील, आणि वारसाचं नाव. तो रकाना भरताना वकीलबाईंचं बोलणं आठवलं: शब्द आणि चालीचा हक्क आपल्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. मी धाकट्या भावाचं नाव लिहिलं. वितरकाकडून येणारे पैसे ध्वनिमुद्रणाचे असतात, आयपीआरएसचे शब्द-चालीचे. दोन्हीकडे नाव नसेल तर अर्धे पैसे वाटेतच राहतात.

पैशांबद्दल नेमकं सांगते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. पहिला हिशेब प्रसिद्धीनंतर काही महिन्यांनी आला आणि तो ३१२ रुपयांचा होता. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसे मिळत नाहीत. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळायला १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं (शॉर्ट्सची अट वेगळी). यूट्यूब अमेरिकेच्या कराचा फॉर्मही मागतो. तो भरून भारत-अमेरिका करार लागू केला की अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर ३० ऐवजी १५ टक्के कपात होते. गाण्यावर मी एकंदर ४५,००० च्या आसपास खर्च केला होता. तो वर्षभरात भरून निघाला, पण ऐकणाऱ्यांच्या पैशांतून नव्हे, कार्यक्रमांतून.

कार्यक्रमांचे कागद वेगळे. सभागृहात असेल तर बरंच सोपं. मोकळ्या मैदानात असेल तर पंचायतीचा ना-हरकत दाखला, पोलीस ठाणं आणि उपजिल्हाधिकारी कार्यालयाची ध्वनिक्षेपकाची परवानगी आयोजकांकडे आहे ना, हे आधी विचारा आणि कागदाचा फोटो मागा. रात्री दहानंतर मोकळ्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून मी साडेसातला सुरुवात होणार असेल तरच हो म्हणते. तुम्ही दुसऱ्यांची गाणीही गाणार असाल तर आयोजकाने आयपीआरएसचा परवाना घ्यावा लागतो. मानधनातून १० टक्के टीडीएस कापतात. वर्षाअखेरी विवरणपत्र भरताना तो तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का तपासा. जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या पुढे लागते. लोककला आणि शास्त्रीय प्रकारातल्या कलाकाराला एका कार्यक्रमाच्या दीड लाखांपर्यंतच्या मानधनावर जीएसटीची सूट आहे. माझ्यासारख्या पॉप गाणाऱ्यांना ती नाही. मला हा भेद पटत नाही, पण नियम तो आहे.

सध्या तिसरं गाणं चालू आहे. त्यात घुमट आहे, मातीच्या भांड्यावर कातडं मढवलेलं आमच्याकडचं वाद्य. आमच्या वाड्यावरचे एक आजोबा ते वाजवतात, गणेशचवथीच्या आरत्यांना उभं आयुष्य वाजवत आलेत. घोरपडीचं कातडं कायद्याने बंद झाल्यापासून ते बकरीच्या कातड्याचं घुमट स्वतः मढवतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला तेव्हा ते खूश झाले होते. स्टुडिओत मी त्यांच्यापुढे मानधनाचं पाकीट आणि सह्यांचा कागद ठेवला तर ते कागदाकडेच पाहत राहिले. “घुमट वाजोवपाक सही कित्याक गो?” (घुमट वाजवायला सही कशाला गं?) मी सांगितलं की कायद्यात वादकही कलाकार असतो, त्याच्या वाजवण्यावर त्याचा हक्क असतो, रॉयल्टी आली तर तीत त्याचाही वाटा असतो. म्हणून गाण्याच्या तपशिलात त्यांचं पूर्ण नाव जाणार. त्यांनी नाव कसं लिहिलंय ते नातवाकडून दोनदा वाचून घेतलं, मधलं नाव राहिलं होतं ते घालायला लावलं, आणि मग सही केली. अर्ज गेल्या आठवड्यात भरला. डायरी नंबर आला आहे, ३० दिवस चालू आहेत.